चर्चची मंडळी, घरची मंडळी: ठाणे आणि नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची उपासना संपली की आमच्या चर्चच्या मागच्या व्हरांड्यात चहा असतो. मनातले प्रश्न बाहेर पडतात ते तिथे. कुणीतरी कप घेऊन बाजूला येतं आणि हळूच म्हणतं, "ताई, एक विचारायचं होतं." मी बावीस वर्षं संडे स्कूलला शिकवते आहे, मधली सहा वर्षं पास्टरेट कमिटीवर, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीवर होते. नोकरी बेलापूरला, घर ठाण्यात. घरात सासूबाई, नवरा आणि इंजिनीअरिंगला असलेला मुलगा. मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. तेव्हा उत्तरं अनुभवाची आहेत, पटतील तेवढी घ्या. मी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची, म्हणजे प्रॉटेस्टंट. कॅथलिक वाचकांनी पाळकांच्या जागी फादर आणि उपासनेच्या जागी मिस्सा वाचावं, बरंचसं जुळेल.

आणखी एक. आपण मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला 'मंडळी' म्हणतो. जुन्या मराठीत नवरा बायकोचा उल्लेख 'आमची मंडळी' असा करायचा. 'घरची मंडळी' म्हटलं की सगळं घर आलं. खाली जे प्रश्न आहेत, त्यातले निम्मे तरी या एका शब्दाच्या दोन अर्थांमध्ये अडकलेल्या माणसांचे आहेत.

आम्ही नुकतेच इकडे राहायला आलो. मराठी उपासना कुठे मिळेल? आणि कुठलं चर्च धरायचं?

ठाण्याला ख्रिस्ती माणूस नवा नाही. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू इथे मारले गेले आणि जॉर्डानस नावाच्या त्यांच्या सोबत्याने त्यांचे अवशेष सोपाऱ्याला नेऊन पुरले. तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातलं. सेंट जेम्स चर्चचं समर्पण १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते झालं. कोळीवाड्यांतले आणि गावठाणांतले ईस्ट इंडियन, म्हणजे इथले जुने कॅथलिक, तर इथलेच. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७च्या सुमारास घेतलं, पण घरातली बोली मराठीच राहिली. नगर, जालना, सोलापूरकडून नोकरीच्या मागे आलेले आमच्यासारखे प्रॉटेस्टंट त्यामानाने कालचे.

नवी मुंबईचं गणित वेगळं आहे. १९७० साली हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली, नोड उभे राहिले, माणसं देशभरातून आली. त्यामुळे वाशी, नेरुळ, खारघरकडे मल्याळी आणि इंग्रजी उपासना सहज सापडतात, मराठी शोधावी लागते. एकाच इमारतीत सकाळी एका भाषेची आणि दुपारी दुसऱ्या भाषेची उपासना असं बऱ्याच ठिकाणी चालतं. दारावरचा फलक वाचून परत फिरू नका, आत जाऊन वेळ विचारा.

माझा सल्ला थोडा गद्य आहे. लांबच्या नावाजलेल्या चर्चपेक्षा जवळचं साधं चर्च बरं. आधी रेल्वेची लाईन बघा, कारण मेगाब्लॉक नेमका रविवारी असतो आणि ट्रान्स हार्बर बंद असली की ऐरोलीहून ठाणंही परगावासारखं वाटतं. मंडळीतलं कुणी रात्री गेलं, तर सकाळी त्या घरी तुम्ही पोचू शकता का, हे बघून चर्च निवडा. प्रवचन काय, आजकाल फोनवरही ऐकता येतं.

जुन्या मंडळीच्या पाळकांकडून पत्र मात्र आठवणीने आणा. बाप्तिस्मा आणि दृढीकरणाच्या (मोठेपणी विश्वास पक्का करण्याच्या विधीच्या) तारखा त्यात असू द्या. लग्न आणि दफन या दोन प्रसंगी लोकांना हे पत्र आठवतं, आणि दोन्ही वेळी शोधाशोध करायला सवड नसते.

मला गाता येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. मग मी कसली सेवा करणार?

आमच्याकडे सेवा म्हटलं की माणसाला व्यासपीठ दिसतं. पहिलं वाचन कोण करणार, सोलो कोण गाणार. पण उपासना उभी राहते ती साडेसहाला येऊन कुलूप काढणाऱ्यावर.

दान मोजण्याचंच घ्या. उपासना संपली की मागच्या खोलीत टेबलावर वर्तमानपत्र पसरतात आणि थैली उलटी करतात. दहाच्या मऊ झालेल्या नोटा, लहान मुलांची घामट नाणी, नाव लिहिलेली पाकिटं, एखादं नाव नसलेलं पाकीट. मोजायला कायम दोघं, आणि ती दोघं एका घरची नकोत. एक मोजतो, दुसरा पुन्हा मोजतो, वहीत आकडा अक्षरी आणि अंकी लिहून दोघांच्या सह्या. क्यूआर कोड आल्यापासून थैली हलकी झाली, पण वही आहे तशीच आहे. आमच्याकडे हे काम एक निवृत्त बँक कर्मचारी सोळा वर्षं करत आहेत. त्यांना मी एकदाही माईकवर बोलताना ऐकलेलं नाही.

चर्चबाहेरची सेवाही बघा. खारघरला टाटाचं कॅन्सरचं केंद्र आहे. उपचारासाठी लांबलांबून माणसं येतात आणि आसपास खोल्या घेऊन महिनोन्‌महिने राहतात. रुग्णासोबत आलेल्या माणसाच्या जेवणाचे हाल होतात. आमच्या महिला मंडळातल्या चौघी आठवड्यातून एकदा डबे करतात: वरण, भात, कमी तिखटाची भाजी, पोळ्या. डब्यात पत्रक घालायचं नाही, हे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं. कुणी विचारलं तर आपण कोण ते सांगायचं, प्रार्थना मागितली तर करायची. भुकेल्या माणसाच्या हातात डब्यासोबत कागद ठेवला की डबा डबा राहत नाही.

नोकरी, प्रवास, घोडबंदरचं ट्रॅफिक. वेळ आणायचा कुठून?

आणायचा नाही. आहे त्यातला मोजून द्यायचा. निर्गम १८मध्ये मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे न्याय करत बसतो आणि त्याचा सासरा यिथ्रो येऊन सांगतो की हे बरं नव्हे, तूही थकशील आणि लोकही. सासऱ्याने जावयाला सुनावलेले चार शब्द पवित्र शास्त्रात आले, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

एका माणसाला एक जबाबदारी, आणि तीही मुदतीची. तीन वर्षं झाली की सोडायची किंवा बदलायची. आमच्याकडे पूर्वी एकच बाई गायनवृंद, महिला मंडळ, वेदीची फुलं आणि हिशेब सांभाळायची. सगळे म्हणायचे, "किती झटतात!" त्या आजारी पडल्यावर कुणालाच काही येत नव्हतं. फुलवाल्याचा नंबरसुद्धा त्यांच्याच फोनमध्ये.

घरचे म्हणतात, "चर्चशीच लग्न करायचं होतंस." काय उत्तर द्यावं?

उत्तर देण्याआधी ते खरं तर नाही ना, ते बघा. माझ्या बाबतीत खरं होतं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या आठवड्यात गायनवृंदाची तालीम होती. त्या उपासनेत ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर मनन असतं आणि प्रत्येक उद्गारानंतर एक गीत. नवरा कामासाठी बाहेरगावी, मुलगा क्लासला. सासूबाईंना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात, आठला जेवतात. मी त्यांना म्हटलं, "आई, साडेसातपर्यंत येते, आले की गरम वाढते." तालमीत एक ओळ बसेना. पुरुषांचा आवाज खाली घसरत होता, आम्ही पुन्हा पुन्हा घेत होतो. फोन सायलेंटवर, पर्समध्ये. सव्वानऊ झाले.

घरी आले तर स्वयंपाकघरात अंधार. सासूबाई फ्रीजला टेकून फरशीवर बसलेल्या, कपाळावर घाम, हात थरथरत होते. इन्सुलिन त्यांनी वेळेवर घेतलं होतं आणि जेवणासाठी माझी वाट बघत थांबल्या होत्या. चक्कर यायला लागली तेव्हा साखर घ्यायला उठल्या. पण साखरेचा डबा मीच सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता, त्यांनी उठसूट गोड खाऊ नये म्हणून. स्टूल ओढण्याइतकी ताकद उरली नव्हती. मी पाण्यात साखर घालून पाजली आणि मशीन लावलं. ५४. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं तेव्हा आकडा वर सरकला आणि माझे पाय गळाले. त्यांनी विचारलं, "झाली का प्रॅक्टिस?" बस्स, एवढंच. त्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं.

जी ओळ बसत नव्हती, ती तिसऱ्या उद्गारानंतरच्या गीतातली होती. तिसरा उद्गार म्हणजे येशूने क्रुसावरून आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवलं तो. शुक्रवारी मी ते गायले. कसं गायले ते विचारू नका.

मार्क ७मध्ये 'कुर्बान'चा मुद्दा आहे. आईबापांना द्यायचं ते देवाला वाहिलं आहे असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच झापलं आहे. हा उतारा मी संडे स्कूलला दहा वेळा तरी शिकवला असेन. परूश्यांची, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांची गोष्ट म्हणून शिकवला. आपला तास आणि आपली तालीमही कुर्बान होऊ शकते, हे मुलांना सांगायचं राहून गेलं, कारण ते मलाच सुचलं नव्हतं.

त्यानंतर घरात काही बारीकसारीक बदल झाले. साखरेचा डबा हाताशी आला. तालमीत फोन चालू, तोही समोर. चर्चमध्ये कुणी काम सांगितलं की "घरी विचारून सांगते" असं म्हणायला शिकले. सुरुवातीला हे म्हणताना लाज वाटायची. पन्नाशीची बाई घरी काय विचारते! पण होकाराची किंमत ज्यांच्या ताटातून जाते, त्यांना विचारलं तर बिघडलं कुठे?

आणि उलटंही सांगते. घरातल्यांची तक्रार कधीकधी निव्वळ सोयीची असते. बायको तीन तास चर्चमध्ये गेली की चहा स्वतः करावा लागतो, एवढंच दुखणं असेल, तर त्याला चहा शिकवा.

कौटुंबिक प्रार्थना रोज होतच नाही. अपराधी वाटतं.

माझ्या सासऱ्यांच्या घरी रोज रात्री आठला सगळे चटईवर बसत, अध्याय वाचला जाई, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं भजन होई, मग सगळ्यांची पाळीपाळीने प्रार्थना. लहान मुलं तिथेच झोपत. ती ऐसपैस संध्याकाळ आज इथे कुणाकडेच नाही. नवरा पावणेदहाला येतो, मुलगा कानात बोळे घालून बसतो.

आम्ही जेवणाच्या ताटावर आणलं. चौघं एकत्र जेवतो असे दिवस आठवड्यात तीनच. त्या तीन दिवशी ताटं वाढल्यावर एक जण पाच-सात ओवी वाचतो, एक जण प्रार्थना करतो. वाचायची पाळी ठरलेली आहे, वाचून झाल्यावर भाष्य करायला बंदी. बंदी माझ्यासाठी आहे, मुलाने घातली. दहा मिनिटांच्या वर गेलं तर भात गार होतो, हा आमचा घड्याळाचा काटा. अनुवाद ६मध्ये घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी या गोष्टी बोला असं सांगितलं आहे. चालताना म्हटलंय, म्हणजे तीन हात नाका ते स्टेशन हेसुद्धा धरायला हरकत नाही.

मुलगी सोळाची झाली, चर्चला यायचं नाही म्हणते. बळजबरी करावी का?

बारा वर्षांपर्यंत मूल आपल्याबरोबर येतं, पुढे ते स्वतःहून यावं लागतं. इफिसकरांस पत्रात बापांना मुलांना चिडवू नका असं स्पष्ट सांगितलं आहे, आया वगळल्या आहेत असं समजू नये.

का येत नाही ते विचारा आणि उत्तर ऐकताना गप्प बसा. कधी कारण विश्वासाचं असतं: दुःखं का आहेत, बाकीच्या धर्मांचं काय. अशा वेळी "असले प्रश्न विचारू नयेत" म्हणालात तर तो दरवाजा बंद झाला. पण पुष्कळदा कारण साधं निघतं. कुणीतरी तिच्या कपड्यांवरून बोललेलं असतं. किंवा मराठी वाचता येत नाही आणि गीतपुस्तक हातात आलं की लाज वाटते. इंग्रजी माध्यमातल्या मुलांचं हे दुखणं आम्हाला फार उशिरा कळलं. आता आम्ही संडे स्कूलमध्ये वर्षाला दोन भजनं अर्थासकट शिकवतो. नारायण वामन टिळकांची भजनं तबला-पेटीवर घेतली की मुलांना आवडतात, हा माझा अनुभव आहे. ऑर्गनवर तीच मुलं जांभया देतात.

माझा मुलगा दीड वर्ष आला नाही. मग साऊंड बघणारा मुलगा बंगळुरूला गेला आणि कुणीतरी याला मिक्सर शिकवला. त्या दिवसापासून तो साडेसातला हजर. मी फार खूश झाले, दोन-तीन जणींना साक्षही दिली, देवाने कसं ऐकलं ते सांगितलं. परीक्षेनंतर तो पुन्हा यायचा बंद झाला. सध्या महिन्यातून दोनदा येतो. मी साक्ष द्यायचं थांबवलं आहे.

नवरा (किंवा बायको) ख्रिस्ती विश्वासात नाही. घरात ताण आहे.

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दूर राहिल्या. एकत्र यायला वर्षं गेली, आणि त्यांचा बाप्तिस्मा त्यांच्या स्वतःच्या निश्चयाने, स्वतःच्या वेळी झाला. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे 'कधी घेतोय बाप्तिस्मा?' असं जावयाला हसत हसत विचारण्याची वाईट खोड आहे. १ करिंथ ७मध्ये पौल म्हणतो की विश्वासात नसलेला जोडीदार नांदायला राजी असेल तर त्याला सोडू नये. नांदणं हीच इथे सेवा. उशीखाली बायबल ठेवणं, पाण्यावर प्रार्थना करून गुपचूप पाजणं, असले प्रकार करू नका. मी ऐकले आहेत म्हणून लिहिते.

लग्न अजून व्हायचं असेल तर कायद्याचं थोडक्यात: १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार वधू-वरांपैकी एक ख्रिस्ती असला तरी विवाह लावता येतो, पण प्रत्येक चर्चचे स्वतःचे नियम असतात, ते पाळकांना आधी विचारा. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने नोंदणी करायची असेल तर तीस दिवसांची नोटीस लागते. हॉल आधी बुक करून मग पाळकांकडे येणारी जोडपी दर वर्षी एक तरी असतात.

शेजारच्या गणपतीचा प्रसाद घ्यावा का? हळदीकुंकवाला जावं का?

ठाण्यात राहून हा प्रश्न टळणार नाही. ज्या मजल्यावर चार घरं, तिथे तीन घरी गणपती.

पौलाने १ करिंथच्या ८ आणि १० या अध्यायांत मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दल लिहिलं आहे. मूर्ती काही नाही हे आपल्याला ठाऊक आहे, पण ज्याचं मन दुर्बळ आहे त्याला आपल्या खाण्याने अडखळण होऊ नये, असा एकूण रोख. यातून वेगवेगळ्या मंडळ्यांनी वेगवेगळे निष्कर्ष काढले. आमच्याच घरात बघा: सासूबाई खात नाहीत, नवरा मोदक आवडीने खातो, मी घेते आणि देणाऱ्या शेजारच्या ताई माझी वाट बघत असतील तर त्यांच्यासमोर खाते. एकमेकांना आम्ही बोलत नाही.

ठाम सांगेन ते एवढंच: दारात आलेलं ताट परत पाठवू नका, आणि ते ताट रिकामं परत करू नका. आमच्या शेजारच्या काकूंचं ताट डिसेंबरात करंज्या आणि केक घेऊन जातं. त्या रात्री सासूबाईंच्या वेळी मी घाबरून ज्यांचं दार वाजवलं, त्या याच.

दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) पूर्ण पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्या पगारावर?

सासूबाईंचं उत्तर: "आशीर्वाद कशावर हवाय तुला?" माझं उत्तर इतकं चटपटीत नाही. २ करिंथ ९:७ म्हणतं की संतोषाने देणारा देवाला आवडतो, म्हणून कुरकुरत दिलेल्या दहा टक्क्यांपेक्षा आनंदाने दिलेले चार टक्के मला बरे वाटतात. कर्ज काढून दान देऊ नका. मुलाची फी थांबवून देऊ नका. "इतके द्या, देव दुप्पट करील" असं कुणी म्हणालं तर पाकीट खिशातच ठेवा.

हिशेब मागायला लाजू नका. चर्चचा ट्रस्ट सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली नोंदलेला असतो, लेखापरीक्षण होतं, वार्षिक सभेत आकडे मांडले जातात. त्या सभेला आमच्याकडे तीस माणसं येतात आणि ख्रिसमसच्या जेवणाला चारशे.

देण्यातली मजा बघायची तर कापणीच्या सणाला या. शेत कुणाचंच नाही, तरी वेदीसमोर भोपळे, केळ्यांचे घड, अंडी, ऊस मांडलेले असतात. बरंचसं जांभळी नाक्याच्या मंडईतून आलेलं. उपासनेनंतर लिलाव. एक नारळ अकराशेला जातो, घेणारा तोच परत दान करतो, मग तोच नारळ पुन्हा लिलावात.

संडे स्कूलला शिकवायचं आहे. काय तयारी लागते?

गोष्ट सांगता आली पाहिजे आणि "माहीत नाही" म्हणता आलं पाहिजे. बाकी शिकता येतं.

काही नियमांना मात्र अपवाद नाही. एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस बंद खोलीत कधीच नाही, मग तो माणूस कितीही जुना आणि भला असो. दार उघडं, वर्गात दोघं. मुलाशी गैरप्रकार झाल्याचं कळलं तर "मंडळीची बदनामी होईल" म्हणून दाबायचं नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहीत असूनही न कळवणं हा गुन्हा आहे. चाईल्डलाईनचा नंबर १०९८. आमच्या वर्गाच्या दाराच्या आत तो मुलांच्या उंचीवर लावलेला आहे.

घरात मारहाण होते. पाळक म्हणाले, प्रार्थना करा आणि सहन करा.

सहन करू नका. क्रूस वाहणं म्हणजे नवऱ्याचा मार खाणं नव्हे. आधी सुरक्षित जागी जा, मग प्रार्थना कुठूनही करता येते. महिला हेल्पलाईन १८१, पोलीस ११२. २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे. आणि मंडळीतल्या मोठ्यांनो, दोघांना समोरासमोर बसवून तासाभरात समेट घडवण्याची घाई करू नका. त्या बाईला त्याच्याबरोबर त्याच घरी परत जायचं असतं.

पाळकांशी किंवा कमिटीशी पटत नाही. चर्च बदलावं का?

मत्तय १८चा क्रम: आधी एकट्याने भेटा, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. आपला क्रम: आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, मग नातेवाईक, मग बिशपांना निनावी पत्र. मी स्वतः एकदा खुर्च्यांच्या खरेदीवरून एका सभासदाशी आठ महिने बोलले नव्हते. प्रभुभोजनाच्या रांगेत आम्ही एकमेकांच्या मागे उभे राहायचो. खुर्च्या अजून आहेत. निळ्या, आणि उन्हाळ्यात घामाने पाठीला चिकटतात, म्हणजे माझं म्हणणं बरोबर होतं.

पैशाचा किंवा सुरक्षिततेचा मुद्दा असेल तर लेखी तक्रार करा, मागे हटू नका. बाकीचं बहुतेक खुर्च्यांचं असतं.

डिसेंबरात घर आणि चर्च दोन्ही कसं निभवायचं?

निभत नाही. कॅरलसाठी आम्ही पूर्वी दहा रात्री घरोघरी जायचो, ठाण्यापासून कोपरखैरण्यापर्यंत, रात्री एकला परत. आता चारच रात्री, विभागवार, आणि दहानंतर ढोलकी बंद. आजारी आणि एकटी माणसं आधी, खाण्याचा बेत असलेली घरं शेवटी. करंज्या आम्ही तिघी-चौघी एकाच घरी एका रविवारी करतो. नानकटाई बेकरीतून. घरी केली नाही म्हणून आजवर कुणाचा ख्रिसमस अडलेला नाही.

सेवा थांबवायची वेळ कशी ओळखावी?

दुसऱ्या कुणी ते काम चांगलं केलं आणि आपल्याला वाईट वाटलं, की समजावं. मला तसं झालं. सासूबाईंच्या त्या प्रसंगानंतर मी गायनवृंदाची प्रमुख म्हणून थांबले. एका सव्वीस वर्षांच्या मुलीकडे वही आणि कपाटाची किल्ली दिली. पहिल्या वर्षी ती माझ्यापेक्षा बरं करत होती आणि मला आतून ते खुपत होतं.

तालमीचा प्रश्न तिनेच सोडवला. बुधवारची तालीम आता आमच्या हॉलमध्ये होते, पावणेसात ते आठ. आठला कुकर उघडतो म्हणून लांबत नाही. सासूबाई आतल्या खोलीत दार उघडं ठेवून बसतात. चौऱ्याऐंशी वर्षं वय, ऐकू कमी येतं, असं आम्ही समजत होतो. गेल्या बुधवारी टिळकांचं एक भजन चाललं होतं, तेव्हा आतून आवाज आला, "अगं, दुसऱ्या कडव्यात धावताय कुठे? तुमच्या आजेसासऱ्यांनी शिकवलंय ते मला, सावकाश घ्या." मग पेटी थांबली, त्यांना खुर्चीसकट बाहेर आणलं, आणि त्या दिवशी जेवायला साडेआठ झाले. इन्सुलिन जेवायच्या आधी, माझ्यासमोर.